रुजू होण्यापूर्वी

सरकारी नोकराला रजा मिळते, सुट्टी मिळते, दैव फिरले तर सक्तीची निवृत्तीही मिळते. पण निखळ रिकामा वेळ त्याच्या वाट्याला क्वचितच येतो. नैमित्तिक रजा जाते ती मुलाच्या शाळाप्रवेशात, नाही तर नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाची वाट पाहण्यात. अर्जित रजा साठवावयाची असते, कारण निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे होतात. तीनशे दिवसांची मर्यादा गाठेपर्यंत आम्ही तिला कृपणाच्या ठेव्याप्रमाणे जपतो. आणि रविवार हा तर सोमवारचा पूर्वरंगच. रिकामेपणाची खरी चव चाखावयाची असेल, तर माणसाला अशा जागी नेऊन ठेवले पाहिजे की जेथून त्याला मध्येच उतरता येणार नाही, जेथे त्याला कोणी बोलावू शकणार नाही आणि जेथे त्याच्या करण्यासारखे काहीच नसेल. तुरुंग या व्याख्येत बसतो. पण तेथे मित्रांना बरोबर नेता येत नाही. राहता राहिले जहाज.

अलीकडे मुंबईहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपाकडे चैनीची जहाजे जातात. त्यांवर पोहण्याचे तलाव असतात, नाटकगृहे असतात, मध्यरात्रीपर्यंत चालणारी भोजनगृहे असतात असे ऐकतो. माणसाला क्षणभरही रिकामे राहू द्यावयाचे नाही, असा त्यांच्या चालकांचा निर्धार दिसतो. आमचे जहाज त्या जातीचे नव्हते. ते कोलकात्याहून अंदमानात माणसे नेणारे साधे प्रवासी जहाज होते. वरच्या मजल्यांवर केबिनी, खाली बंकक्लास, दोन वेळा भात-डाळ-माशांचा रस्सा, आणि पोहावयाचे असल्यास सभोवार बंगालचा उपसागर. 2019 सालच्या फेब्रुवारीत आम्ही चौघे त्याच्या एका केबिनीत शिरलो. तिघे रजेवर होते, चौथा कामावर होता. आणि चौघांनाही करावयाचे काहीच नव्हते.

हे जरा उलगडून सांगितले पाहिजे. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांस 'बदली' हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घराण्याचा इतिहास हा बदल्यांचाच इतिहास आहे. आजोबा इंदूरला, वडील जबलपूरला आणि आपण कोलकात्याला. आमच्या कचेरीतील मास्तरांना पन्नाशी उलटल्यावर बढती मिळाली आणि तिच्याबरोबरच पोर्ट ब्लेअर मिळाले. (या शहराचे नाव 2024 च्या सप्टेंबरपासून श्रीविजयपुरम झाले आहे; पण आम्ही गेलो तेव्हा ते पोर्ट ब्लेअरच होते, आणि मास्तरांच्या हुकमातही तेच लिहिलेले होते.) मास्तर हे त्यांचे नाव नव्हे. खात्याच्या परीक्षेला बसणाऱ्या कारकुनांना ते जेवणाच्या सुट्टीत नियम शिकवीत, म्हणून हे नाव पडले. आमचाही तो एक गुरूच. बढती नाकारण्याची मुभा त्यांना होती; पण एकदा नाकारली की निदान वर्षभर पुन्हा विचारणा होत नाही, आणि पन्नाशीनंतरचे वर्ष हे काही तिशीतल्या वर्षाएवढे स्वस्त नसते. मुलगी बारावीला, पत्नी कोलकात्यातल्या शाळेत शिक्षिका. मास्तरांनी एकट्यानेच जावयाचे ठरविले.

"विमानाने दोन तासांत पोचाल," असे सगळे म्हणत होते. मास्तर म्हणाले, "दोन तासांत पोचण्याची मला घाई नाही."

तेव्हा दादांनी सुचविले की त्यांना पोचवावयास आपण तिघांनी जावे. अंदमानला जाण्यासाठी केंद्र सरकारच्या नोकरांना प्रवाससवलतीत विशेष सोय आहेच; तिचा असा उपयोग नियम करणाऱ्यांनी कल्पिला नसेल, पण नियमाविरुद्धही तो नाही. दादा निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले, मूळचे मालवणचे. तिसरे आमचे बाबू, हे अस्सल उत्तर कोलकात्यातले बंगाली. पंधरा वर्षे आमच्या टेबलांवर बसून त्यांना मराठी कळू लागले होते, आणि राग आला तर बोलताही येत असे. चौथे आम्ही.

गंमत अशी की बदलीच्या जागी रुजू होण्यासाठी जे दिवस मिळतात, ज्यांना आम्ही जॉइनिंग टाइम म्हणतो, ते नियमाप्रमाणे कामाचेच दिवस धरले जातात. म्हणजे डेकवर खुर्ची टाकून समुद्राकडे पाहत बसलेले मास्तर त्या घटकेस सरकारी कर्तव्य बजावीत होते, आणि शेजारच्या खुर्चीत तसेच बसलेलो आम्ही मात्र रजा खर्ची घालत होतो. दादांना हा अन्याय वाटला. त्यांनी तो जहाजावर पुष्कळदा बोलून दाखविला.

कोलकात्याचे जहाज लगेच समुद्रात जात नाही. खिदिरपूरच्या बाजूचा धक्का हा नदीपासून दरवाजांनी अलग केलेला आहे. आतल्या पाण्याची पातळी आणि नदीची पातळी सारखी झाल्याखेरीज ते दरवाजे उघडावयाचे नाहीत, आणि नदीची पातळी समुद्राच्या भरती-ओहोटीच्या हाती. आमचे जहाज त्या अरुंद हौदात शिरले व थांबले. मागचा दरवाजा बंद, पुढचाही बंद. बराच वेळ काहीच घडेना. बाबू म्हणाले, "फाइल अडकली." खरोखरीच, अभिप्रायासाठी पाठविलेल्या प्रकरणासारखे ते जहाज दिसत होते. शेवटी पुढचा दरवाजा उघडला आणि आम्ही हुगळीत उतरलो.

हा मटियाबुर्जचा परिसर. अयोध्येचे राज्य गेल्यावर नबाब वाजिद अली शाह 1856 मध्ये येथे येऊन राहिला तो 1887 मध्ये मरेपर्यंत येथेच. लखनौ हरवलेल्या त्या माणसाने या चिखलाच्या काठी दुसरे लखनौ मांडले, गवई ठेवले, प्राणिसंग्रह केला. बाबूंनी ही हकीकत फार रंगवून सांगितली. ती संपल्यावर मास्तर एवढेच म्हणाले, "एकतीस वर्षे! आमचे निदान दोनच वर्षांचे आहे." मग कोणी काही बोलले नाही. समोरच्या तीरावर शिबपूरच्या वनस्पतिउद्यानातील झाडांची काळसर रांग सरकत होती.

नदीच्या प्रवासाविषयी लोक फारसे लिहीत नाहीत, आणि आम्हांला तर तो सगळ्यात आवडला. कोलकात्यापासून उपसागराच्या तोंडापर्यंतचा जलमार्ग दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे, आणि त्यात जहाजाचा सुकाणू नदीच्या वाटाड्याच्या सल्ल्याने चालतो. कप्तानाने कितीही समुद्र पालथे घातलेले असोत. कारण हुगळीच्या तळाची वाळू एका जागी राहत नाही. जेथे दामोदर आणि रूपनारायण या नद्या हुगळीला मिळतात, तेथे 'जेम्स अँड मेरी' नावाचा वाळूचा बांध आहे. 1694 साली तेथे बुडालेल्या एका इंग्रज जहाजाचे ते नाव. जहाज गेले, नाव वाळूला चिकटून राहिले. काठावर वीटभट्ट्यांची धुराडी, बजबजच्या तेलाच्या टाक्या, नारळीची बने, घाटावर धुणे धुणाऱ्या बाया. जहाज इतके संथ जात होते की एका मुलाने हात हलविण्यास सुरुवात केली ती तो कंटाळेपर्यंत आम्हांला दिसत राहिला. रात्री भरतीची वाट पाहत जहाज पुन्हा काही तास नांगर टाकून उभे राहिले. या खोळंब्याने आमच्या पोचण्याची वेळ पुढे ढकलली जात होती. मास्तरांना त्याचे दुःख झालेले दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सागर बेट मागे पडले आणि दूरध्वनीची खूण मालवली. तासाभराने वाटाड्याही आपल्या बोटीत उतरून गेला. केबिनीत परतल्यावर पाहतो तो दादा आपला मोबाइल उंच धरून खिडकीपाशी उभे. "गेली," ते म्हणाले. आपल्या हयातीत एखादी वस्तू अशी पूर्णपणे निरुपयोगी होताना पाहण्याचा योग क्वचित येतो. त्या दिवसापासून त्या यंत्राचा उपयोग घड्याळ म्हणून होऊ लागला, आणि घड्याळाचा उपयोग कशासाठीच होईना.

घड्याळाची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. आपल्या साऱ्या देशाची वेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून ठरते, आणि पोर्ट ब्लेअर आहे त्र्याण्णवाव्या अंशाच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्य तेथे घड्याळाच्या सुमारे चाळीस मिनिटे पुढे असतो. जसजसे आम्ही आग्नेयेकडे जात होतो तसतसा तो रोज जरा लवकर उगवून जरा लवकर मावळत होता. आमची घड्याळे मात्र कचेरीतल्या भिंतीशी इमान राखून होती. मास्तरांनी हे गणित कागदावर करून दाखविले. "म्हणजे तेथे दहाला हजर व्हायचे ते सूर्याच्या मते पावणेअकराला," ते म्हणाले. बदलीत त्यांना आढळलेला हा पहिला लाभ.

कचेरी सुटली म्हणून तिची भाषा सुटत नाही. त्याच दिवशी ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली की सर्व प्रवाशांनी सुरक्षाजाकिटे घेऊन आपापल्या 'मस्टर स्टेशन'वर जमावे. संकटसमयी होड्यांत कसे उतरावयाचे याची ती तालीम होती. दादा खाटेवरून उठत म्हणाले, "समुद्रातसुद्धा मस्टर!" नारिंगी जाकिटे गळ्यात अडकवून आम्ही रांगेत उभे राहिलो. एका खलाशाने डोकी मोजली. पंचवीस-तीस वर्षे हजेरीपत्रकावर सह्या केलेल्या त्या दोन वृद्ध सेवकांच्या चेहऱ्यावर, कोणी आपल्याला मोजत आहे याचे जे समाधान उमटले, ते आम्ही जवळून पाहिले.

दादांना समुद्राची ऐट फार. लहानपणी ते भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने कोकणात जात. रात्रभर फळीवर पथारी, पहाटे बंदराबाहेर बोट थांबली की पडावात उड्या. 'रामदास' बोटीची गोष्ट त्यांच्या घरी आजीच्या तोंडून सर्वांनी ऐकलेली. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ती बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या गोष्टीच्या शेवटी आजी म्हणे, "समुद्रावर जाताना बढाई मारू नये." दादांनी गोष्ट सांगितली आणि लगोलग बढाईही मारली. दुपारी डेकला जरासा हेलकावा बसू लागला तेव्हा आमच्यातून पहिले आडवे झाले ते दादाच.

त्यांच्यामुळे आमची त्या म्हातारीशी ओळख झाली. खालच्या बंकक्लासमधून ती हवेसाठी वर येऊन बसत असे. डोळ्यांवर काळा चष्मा. कोलकात्याला डोळ्याची शस्त्रक्रिया करून नातवाबरोबर परत चालली होती. दादांचा चेहरा पाहून तिने पदराच्या गाठीतून लिंबू काढले आणि कोरडे चुरमुरे खावयास दिले. बाबूंशी तिची लगेच गट्टी जमली. तिची बंगाली ऐकून बाबू म्हणाले, "ही तर आमच्या आजोळची भाषा; आता कोलकात्यात ऐकू येत नाही." पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना 1949 पासून अंदमानात जमिनी देऊन वसविण्यात आले, त्यांतले तिचे कुटुंब. ती आली तेव्हा आईच्या कडेवर होती. आई सांगे की काळ्या पाण्यावर नेणार हे कळताच आजीने धक्क्यावरच बसकण मारली होती आणि तिला उचलून जहाजात चढविले होते.

बाबूंनी तिला मास्तरांकडे बोट दाखवून सांगितले की या गृहस्थांची दोन वर्षांसाठी तिकडे बदली झाली आहे. तिने काळ्या चष्म्यातून मास्तरांना न्याहाळले आणि विचारले, "घरचे कोणी नाही बरोबर?" नाही म्हणताच ती म्हणाली, "मग पावसाळ्यापूर्वी बोलावून घ्या. पावसात जहाज फार हलते." तिच्या लेखी अडचण होती ती जहाजाची, बेटाची नव्हे. मास्तर हसले. त्या प्रवासात ते प्रथमच मोकळे हसले असे आम्हांला वाटले.

त्यानंतर आम्ही खाली बंकक्लासमध्ये जाऊन आलो. वर आम्ही ज्याला निवांत दिवस म्हणत होतो ते खाली निराळेच होते. कोणी रुग्णाला घेऊन परतत होते, कोणी परीक्षा देऊन, कोणी भावाच्या लग्नाहून. जंगलतोडीच्या कामासाठी एके काळी छोटा नागपुराहून नेलेल्या कुटुंबांतले दोन तरुण होते. अंदमानात त्यांना अजूनही रांचीवालेच म्हणतात. एका कोपऱ्यात तमिळ, दुसऱ्यात तेलुगू, आणि सगळ्यांना जोडणारी एक ढिलीढाली हिंदी. त्यांच्यापैकी कोणी समुद्राकडे पाहत बसलेले आम्हांला दिसले नाही. एस. टी.च्या गाडीतून आपण बाहेरच्या शेतांकडे कितीसे पाहतो? समुद्र पाहावयाला लागणारा रिकामेपणा आमच्याजवळ होता, कारण आम्हांला तिकडे काही काम नव्हते. मास्तर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी होते. ते पाहत असत, आणि पाहता पाहता मधेच खिशातून कागद काढून त्यावर पाठविण्याच्या पैशांचा हिशेब करीत.

समुद्राचे काय सांगावे? पहिल्या दिवशी तो नदीसारखाच गढूळ होता. गंगेने आणलेला गाळ किती दूरवर जातो त्याला सुमार नाही. मग तो हिरवट झाला, मग निळा, आणि तिसऱ्या दिवशी असा गडद की शाईच्या दौतीत पाहावे. या उपसागराची सरासरी खोली अडीच हजार मीटरांहून अधिक आहे, असे आम्ही वाचले होते. पण त्या रंगाकडे पाहताच 'काळे पाणी' हे नाव कोणा भाषाप्रभूने दिले नसून कठड्याशी उभ्या असलेल्या एखाद्या माणसाने पाहून उच्चारले असावे, असे वाटून गेले. अधूनमधून जहाजाच्या चाहुलीने उडत्या माशांचा थवा पाण्यातून उसळे आणि लाटांच्या माथ्यावरून तरंगत जाऊन पुन्हा नाहीसा होई. दिवसभरातली घडामोड ती एवढीच. जहाजाचा वेग होता ताशी चौदा सागरी मैल, म्हणजे सव्वीस किलोमीटर. एखादा तरणाबांड सायकलस्वार बरोबर आला असता.

अशा स्थितीत माणसे पत्ते खेळतात. आम्ही मेंढीकोट खेळत होतो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: चौघे, समोरासमोरचे जोडीदार, आणि सारी झटापट चार दश्श्यांसाठी. बाबूंचे रक्त 'एकोणतीस' या बंगाली खेळावर पोसलेले. त्या खेळात गुलाम सर्वांत मोठा. एक्का आणि राजा दोघेही त्याच्यापुढे मान लववितात. त्यामुळे हाती गुलाम आला की बाबूंचा चेहरा उजळे, ते तो ऐटीत टाकीत, आणि दादा राणीने तो उचलून नेत. "तुमच्याकडे गुलामाला काही किंमतच नाही," बाबू तक्रार करीत. मास्तर म्हणत, "आमच्याकडे तो दहा ते साडेपाच कचेरीत असतो." हा विनोद आम्ही चार दिवसांत कितीदा ऐकला आणि प्रत्येक वेळी हसलो. रिकामपणी विनोद शिळे होत नाहीत.

आम्ही मास्तरांचे जोडीदार होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी पिसता पिसता ते म्हणाले, "कपाटाच्या तिसऱ्या खणात एक तांबडी वही आहे. निवृत्तिवेतनाच्या जुन्या प्रकरणांच्या नोंदी आहेत तीत. ती कोणाला देऊ नका." जरा थांबून पुढे म्हणाले, "आणि खिडकीची वरची कडी ढिली आहे. पावसाळ्यात तिला कागदाची घडी घालावी लागते." त्यांची खिडकीजवळची खुर्ची आता आमच्याकडे येणार, हे कचेरीत सर्वांना माहीत होते, पण आम्हां दोघांत त्याविषयी शब्दही झाला नव्हता. कार्यभाराची यादी त्यांनी आधीच सही करून दिली होती. ही कडी त्या यादीत नव्हती. आम्ही पत्ते उचलले, आणि हुकूम कोणता हे दोनदा विचारावे लागले.

त्या रात्री डेकवरचे दिवे कमी झाल्यावर आम्ही पुढच्या बाजूस जाऊन बसलो. समुद्र शांत होता. फेब्रुवारीत तो बहुधा असतोच. जहाजाच्या पुढ्यात, दक्षिणेस, क्षितिजापासून बराच वर एक ठळक तारा स्थिर तेजाने तळपत होता. दादांनी ओळखला: अगस्ती. ज्याने समुद्र पिऊन टाकला तो ऋषी समुद्रावरच उभा, याची आम्ही गंमत करीत होतो. बाबू सहज बोलून गेले, "आमच्याकडे अगस्त्ययात्रा म्हणतात..." आणि एकदम थांबले. विंध्याला 'मी परत येईपर्यंत असाच वाकून राहा' असे सांगून अगस्ती दक्षिणेला गेला तो पुन्हा परतलाच नाही, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. ज्या प्रवासाहून माणूस माघारी येत नाही, त्याला बंगालीत अगस्त्ययात्रा म्हणतात. बाबूंनी जीभ चावली ती अंधारातही दिसली.

मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुलगी म्हणाली, 'बाबा, मे महिन्यात या.' मी बरे म्हटले. मे महिन्यात रजा मिळेल की नाही हे मलाच माहीत नाही. नियम सगळ्यांना मी शिकवतो; पण तिला 'बरे' म्हणताना एकही नियम आठवला नाही." दादांनी खिशातून बडीशेपेची डबी काढून त्यांच्यापुढे केली. आमच्या दादांजवळ सांत्वनाचे शब्द नाहीत; बडीशेप आहे.

त्याच पाण्यावरून पूर्वी कोण कोण गेले, हे मराठी माणसाला विसरता येत नाही. 1857 च्या उठावानंतर 1858 च्या मार्चमध्ये पहिले दोनशे बंदी कोलकात्याहून या बेटांवर नेण्यात आले. 1911 साली पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन सावरकर गेले ते मद्रासहून, 'महाराजा' नावाच्या बोटीतून, तळाच्या पिंजऱ्यात. आमच्या घरी 'माझी जन्मठेप' चे एक फाटके पुस्तक होते, आणि बोटीवरचे ते प्रकरण आम्ही विद्यार्थिदशेत वाचले होते. तेव्हापासून अंदमानची बोट म्हणजे काय हे आम्हांला पक्के माहीत होते. आता त्याच समुद्रावर आम्ही बडीशेप चघळीत खुर्च्यांवर बसलो होतो. याची लाज वाटावी असे आम्हांला वाटले नाही, अभिमान वाटावा असेही नाही. परंतु मास्तरांनी त्या रात्री त्यांच्या बदलीला पुन्हा 'सजा' म्हटले नाही, एवढे आमच्या ध्यानात राहिले. तत्पूर्वी ते सर्रास म्हणत.

चौथ्या दिवशी पहाटे उजव्या हाताला जमीन दिसली. प्रथम ढगच वाटला. मग त्या ढगाला हिरवी कड फुटली. उत्तर अंदमानातील सॅडल पीक हे शिखर 732 मीटर उंच, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने लहानखुरेच. पण तीन दिवस काहीच उंच न पाहिलेल्या डोळ्यांना ते हिमालयाएवढे वाटले. म्हातारी नातवाचा हात धरून कठड्याशी आली. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याने तिला कितपत दिसत होते कोण जाणे. पण "आलो," असे ती आम्हां सर्वांच्या वतीने म्हणाली. त्यानंतर किनारा आमच्या सोबतीने दक्षिणेकडे सरकत राहिला: अरण्य, पांढरी वाळू, पुन्हा अरण्य, आणि माणसाची कोठे खूण नाही.

बंदर जवळ येताच दूरध्वनी जिवंत झाला आणि दादांच्या खिशातून चार दिवसांचे निरोप एकामागून एक वाजू लागले. बाबूंनी पाकिटातून वीस रुपयांची तांबूस नोट काढली. तिच्या पाठीमागे माडांच्या आडून दिसणारा जो समुद्र आणि दीपगृह होते, तो देखावा येथलाच. नोट डोळ्यांसमोर धरून ते डोंगराशी ताडून पाहू लागले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वीस रुपयांची नवी नोट जाहीर झाली आणि तिच्यावर वेरूळची लेणी आली. दादांच्या मते हा महाराष्ट्राचा गौरव. मास्तरांनी मात्र पत्रात लिहिले की आम्ही येथे येताच आमचे गाव नोटेवरून काढले. 'आमचे गाव' असे त्यांनी लिहिले होते.

हॅडोच्या धक्क्याला जहाज लागले तेव्हा एक वाजून गेला होता. म्हातारीला घ्यावयास सात-आठ माणसे आली होती. त्या गर्दीत ती दिसेनाशी झाली. मास्तरांची एक ट्रंक, एक वळकटी आणि एक प्रेशर कुकर एवढे सामान आम्ही चौघांनी उतरविले. जहाज वेळेवर असते तर ते सकाळीच पोचते, आणि मास्तर पूर्वाह्नातच रुजू झाले असते. हुगळीच्या भरतीने ते टळले. धक्क्यावर उभे राहून त्यांनी घड्याळ पाहिले, खिशातला हुकूम काढून पाहिला, तारीख मोजली.

"अपराह्न झाला," ते म्हणाले. "मुदत आहे अजून. उद्या पूर्वाह्नी रुजू होईन."

दादांनी वळकटीवर बसून घाम पुसला आणि विचारले, "पत्ते कोणाच्या पिशवीत आहेत?"